अंजनाची गाडी डावीकडे का गेली

सन्माननीय अध्यक्ष सयाजीराव, आजच्या प्रमुख पाहुण्या आणि माझी विद्यार्थिनी अंजना, व्यासपीठावरील मान्यवर, सहकारी, डिंगोऱ्याचे ग्रामस्थ आणि पेढे कधी वाटणार याकडे डोळे लावून बसलेल्या बालमित्रांनो,

मला निरोप देताना आपण इतकं गोड बोललात, की हा सावळेराम नक्की कोण, असं मलाच विचारावंसं वाटलं. अंजनाने तर हद्द केली. क्षेपणास्त्राला दिशा देणाऱ्या यंत्रणेवर काम करणारी ही इंजिनिअर म्हणते, ‘सरांनीच मला घडवलं.’ म्हणून आज एक गोष्ट सांगणं भाग आहे.

साल १९९६. जुन्नरचं विज्ञान प्रदर्शन. नववीतल्या अंजनाने खेळण्यातल्या रिमोटचा संच बसवून गाडी केली होती, तिच्यावर पुठ्ठ्याचं क्षेपणास्त्र. परीक्षकांना ती घडाघडा सांगत होती: रिमोटच्या गाडीत बघणारा माणूस बाहेर असतो, तो रेडिओलहरींवरून हुकूम सोडतो. सुरुवातीची काही क्षेपणास्त्रंही अशीच जमिनीवरून वळवत. पण शत्रूने त्याच लहरीवर गोंधळ घातला तर? म्हणून पुढे दिशा ओळखणारं यंत्र क्षेपणास्त्राच्याच पोटात बसवलं.

मग तिने बटण दाबलं, उजवीकडचं. गाडी गेली डावीकडे आणि टेबलावरून थेट फरशीवर!

तिचे वडील बहिरूभाऊ मेंढरं सोडून आले होते. ते म्हणाले, “गुरुजी, दुसऱ्याच्या शिट्टीवर पळालेल्या कुत्र्यागत दिसतंय हे.” मी हसलो. आणि सगळ्यांसमोर पोरीला झापलं, “तुझं सोल्डरिंग कच्चं!”

बहिरूभाऊंनी स्वतःच्या डोळ्यांपेक्षा माझ्या शब्दावर विश्वास ठेवला. “गुरुजी म्हंत्यात म्हंजी खरंच. हात कच्चा आसंल, तर मेंढरं काय वाईट?” वर्षभर पोर मेंढरांमागे हिंडली. तिला पुन्हा शाळेत बसवलं ते तिच्या आईने, रतनबाईंनी, भांडून. मी नव्हे.

खरं काय झालं होतं? पुण्याला निघालेल्या माणसाच्या खिशात आपल्याकडे चारजणांच्या चिठ्ठ्या असतातच. अंजनासाठी संच आणायला मी निघालो, तेव्हा दुसऱ्या शाळेतल्या शिक्षक मित्राने सांगितलं होतं, ‘माझ्यासाठीही तसाच एक संच आण.’ मी एकाच दुकानातून, एकाच लहरीचे दोन आणले. त्यांच्या शाळेची खेळण्यातली बोट शेजारच्या टेबलावर, रिमोट त्यांच्या विद्यार्थ्याच्या हातात. त्याने त्याच वेळी डावीकडचं बटण दाबलं असणार. आठवड्याने मित्राचा संच मागवून प्रयोगशाळेत एक बटण दाबून पाहिलं. बोट आणि गाडी, दोन्ही हलल्या. मेंढपाळाने पाहताक्षणी ओळखलं ते विज्ञानाच्या शिक्षकाला आठवड्याने कळलं.

मग तेव्हाच का नाही सांगितलं? गावात मान होता ना माझा! आज सांगू, उद्या सांगू, करता करता बारा वर्षं गेली. मघाशी चहा घेताना अंजना हसत म्हणाली, “सर, अजूनही सोल्डरिंगचा टाका मारला की तीनदा तपासते. तुमचं बोलणं डोक्यातून जात नाही.” मी कप तसाच खाली ठेवला.

असो. शाल-श्रीफळ दिलंत, इतकी वर्षं सांभाळलंत, मी आपला ऋणी आहे. बोलण्याच्या ओघात कुणाचं नाव राहिलं असेल, तर सभेने उदार मनाने पोटात घालावं. हे एक मात्र पोटात घालू नये. अंजना, चारचौघांत झापलं होतं, म्हणून चारचौघांतच सांगतो: तुझा टाका पक्का होता, बाळ. तुझं एक वर्ष माझ्यामुळे गेलं. जमलं तर मला माफ कर.