पत्रिकेत नसलेला काका

गोदूबाई : किती वेला घेतलास?

करिश्मा : काय, आजी?

गोदूबाई : तुजा नाव गो. काल विनीतच्या हलदीला लग्नाची गानी, धवले गायलीस त्यात. मी गुडघ्याला तेल लावून घरात पडलेली, पन तुजा माइक पार मानपाड्यापर्यंत ऐकू जात व्हता. मी बोटावर मोजला. सात वेला.

करिश्मा : ते सिग्नेचर असतं, आजी. सगळे आर्टिस्ट घेतात. नयन माझ्या रील बनवतो ना, मग लोकांना कळायला नको, धवळारीण कोण आहे?

गोदूबाई : तू समोर उभी व्हतीस, लोकान्ला डोले हायेत. बरा, पोपटचा नाव किती वेला घेतलास?

करिश्मा : गुडघ्याला तेल लावून देऊ का, आजी?

गोदूबाई : बोल की. माइक बंद पडला?

करिश्मा : एकदाही नाही.

गोदूबाई : विनीतचा, नवऱ्या पोराचा सख्खा काका. बापाचा थोरला भाऊस.

करिश्मा : पत्रिकेत त्यांचं नावच नव्हतं. विनीतने व्हॉट्सअॅपवर पत्रिका पाठवलेली, त्यातली नावं मी पाठ केली. चोवीस नावं, आजी. एक चुकलं नाही.

गोदूबाई : पत्रिका विनीतच्या बापानं, कालुरामनं छापली. दोघा भावांच्या जागेवर टावर झाला, ना या बाबानं त्याला नाव दिला 'कालुराम हाइट्स'. तवापासून सात वरसं पोपट त्या गेटातून जात नाय, मागच्या गटारावरून उडी मारून जातो. त्या कालुरामच्या पत्रिकेत तू पोपटला शोधाला गेलीस?

करिश्मा : मला कोणी सांगितलंच नाही हे.

गोदूबाई : सांगाला तू कवा बसलीस कोनाकडं? अगो, धवलारीन काय नुसती गानी म्हनाला जात नाय. गानी तुजा मोबाइल बी म्हनतो. आमी घरातला एकेक मानूस नाव घेऊन मांडवात उभा करतंव. जिता, मेलेला, रुसलेला. लग्नाच्या आठ दिस आधी मी त्या घरी जाऊन बसते. बायकांबरोबर तांदूल निवडते. त्याच सांगतान मना, कोन कोनावर रुसलाय ना कोनी दारू सोडली.

करिश्मा : मी तांदूळ निवडत बसले असते तर माझं ऑफिस कोणी केलं असतं? घोडबंदरला जायला-यायला चार तास जातात माझे, ट्रॅफिकमध्ये.

गोदूबाई : मग ट्रॅफिकला धवले ऐकव. त्याला बी कुठं जायाचा नसतो.

करिश्मा : मस्करी नको ना, आजी. सकाळीच विनीतच्या आईचा फोन आलेला. कमळाकाकू बोलल्या, पोपटकाका न जेवता उठून गेले. काकू स्वतः त्यांना बोलवून आलेल्या, काळुरामकाकांना न सांगता. सात वर्षांनी पहिल्यांदा ते गेटातून आत आलेले. आणि मी...

गोदूबाई : ना तुना सगल्या गावासमोर त्याला गाललास.

करिश्मा : आज चारला लग्न. पोपटकाका आले तर मी गायचं, नाहीतर डीजे सांगून ठेवलाय. आणि बोलल्या, डीजे एकदा लागला की धाकट्याच्या लग्नालाही डीजेच. मग त्यांच्या घरात धवळे बंद.

गोदूबाई : पन्नास वरसं गायले मी त्या घरात. कालुरामच्या हलदीला बी मीच व्हते. मेला वरातीत घोड्यावरून पडलेला.

करिश्मा : तुम्ही चला ना पोपटकाकांकडे. तुमचं ऐकतील ते.

गोदूबाई : चूक तुजी ना गुडघे माजे? नाय जमाचा.

करिश्मा : मग मी सॉरीचा व्हिडिओ टाकते. चाळीस हजार फॉलोअर्स आहेत मला, सगळ्यांसमोर त्यांचं नाव घेऊन...

गोदूबाई : त्या चालीस हजारांतला एक तरी पोपटच्या वटीवर चाय प्याला येतो का? काल मांडवात तीनशे मानसं व्हती. त्याला त्या तीनशांत ऐकाचा व्हता.

करिश्मा : मला खरंच धवळारीण व्हायचंय, आजी. लहानपणापासून. तुम्ही मांडवात शिरलात की मोठमोठे शेठ खुर्ची सोडून उठायचे, मी बघितलंय. वाटायचं, माझ्यासाठीपण कोणीतरी असं उठावं.

गोदूबाई : उठला ना. काल पोपट उठला.

करिश्मा : आजी...

गोदूबाई : रडू नको, नाक लाल व्हता ना ता व्हिडिओत बरा दिसत नाय. ऐक. पयल्या साली मी बी एका सासूचा नाव इसरलेली. तिनं मना महिनाभर उंबऱ्याभायेर बसवला. मी बसले. तुज्याकडं महिना नाय, चार वाजेपर्यंत हाय. मोबाइल हिथं ठेव. नयनला घरी पाठव. ना तिथं जाऊन सॉरी-सॉरी करू नको.

करिश्मा : मग काय करू?

गोदूबाई : नावं विचार.

(टॉवरच्या मागचं बैठं घर. पोपट ओटीवर सुपात जवळा, बारीक सुकी मासळी, निवडत बसलाय.)

पोपट : शूटिंग त्या बाजूनं कर. हिकडून गटार दिसतो.

करिश्मा : मोबाइल नाही आणला, काका.

पोपट : मग तब्येत बरी नाय का तुजी?

करिश्मा : मी नावं विचारायला आलेय. तुमच्या घरातली.

पोपट : पत्रिका बघ ना. चांगली सोनेरी छापलीय.

करिश्मा : बघितली. तिथेच तर फसले.

पोपट : बस मग. ये सूप घे. कचरा काढ, जवला ठेव. काल उलटा केलास.

करिश्मा : तुमच्या आईचं नाव काय होतं?

पोपट : पत्रिकेत असल की.

करिश्मा : पत्रिकेत 'श्रीमती भिवराबाई' आहे. तुम्ही काय बोलायचे?

पोपट : भिवरी. मिठागरात टोपल्या उचलाची. तिला आख्ख्या जल्मात कोनी बाई म्हनला नाय, आता पत्रिकेत म्हनतान. कोनाच्या बी लग्नात धवल्यात तिचा नाव आला ना, का ती पदर नीट कराची. येरवी फाटका असला तरी तिला फिकीर नसाची.

करिश्मा : काका, ते टॉवरच्या नावाचं...

पोपट : मना काय माजा एकट्याचा नाव नको व्हता. त्याच्या बाजूला एक 'पोपट' लिवला असता तर काय टावर कलंडला असता? तर म्हनतो, बोर्डवर जागा नाय, पेंटर अक्षरं मोठी काढतो.

करिश्मा : खरंच असं बोलले?

पोपट : पेंटरला मी इचारला. तो म्हनला, शेठ, जागा लय हाय.

करिश्मा : आणि काल?

पोपट : काल कमला बोलवाला आली म्हनून गेलू. मागच्या खुर्चीवर बसलू. नावं चालू झाली. आयचा आला, बाबाचा आला, आता माजा येल म्हनून मी टोपी काढून नीट घातली. आयसारखी. ना तेवढ्यात तुना तुजाच नाव घेतलास. पोरांनी शिट्ट्या मारल्या.

करिश्मा : मी तुम्हाला टोपी नीट करताना बघितलेलं, काका. मला वाटलं, कोणीतरी म्हातारे पाहुणे असतील. आता लाज वाटतेय सांगायला.

पोपट : पाव्हनाच झालू ना मग. मटन चांगला व्हता म्हनतान.

करिश्मा : चारला याल? तुम्ही नाही आलात तर डीजे लावणार आहेत. धवळे बंद. मग माझंही संपलं, त्या घरात कोणी मला परत उभं नाही करणार.

पोपट : ना आलू तर माजा नाव कुठं घेशील?

करिश्मा : तुम्ही थोरले. काळुरामकाकांच्या आधी.

पोपट : त्याला झोंबल.

करिश्मा : झोंबू दे. मान तुमचाच आहे.

पोपट : ना तुजा? सात वेला का आठ?

करिश्मा : एकदाही नाही.

पोपट : मग त्या मोबाइलवाल्यांना कसा कलनार, कोन गायली?

करिश्मा : नाही कळणार.

पोपट : हं. जवला बरा निवडलास.

करिश्मा : याल ना, काका?

पोपट : टोपी धुवाला टाकलीय, बघतो सुकली का. ना ऐक. माजा कालुच्या आधी नको घेऊ. पोर त्याचा हाय, आजचा मान त्याला. मागून घे. पन घे.