पोट्टी पास झाली, अन् पाचवं शील

...नाई, आधी पेढा उचला, मंग इच्यारा. कायचा म्हून काय इच्यारता? अहो, पोट्टी पास झाली! झालं... निंगाला ना तोंडातून तो शबुद! तुमाले सांगतो, येवढूसा शबुद, पन त्यानं मले जेवढं फिरवलं तेवढं घान्याच्या बैलाले बी कोनी फिरवलं नसन. इंग्रज गेला, बोऱ्याबिस्तर गुंडाळून गेला, मंग हे येवढं काऊन इसरून गेला आमच्या नाचनगावात?

मी रामाजी. पुलगावच्या गिरनीत हाय, कापडखात्यात. आमच्या इथं टेबलावरून कापड सरकते, साहेब पाह्यते, धागा तुटला असन, डाग पडला असन तं ते चिंधीत, नाई तं साहेब हात हालवते, "पास!" म्हनजे पास म्हनजे बिनडागाचं कापड. इथपावेतो माहं ठीक होतं. मंग एक दिवस पोट दुखलं म्हून दुपारीच घरी निंगालो, तं गेटवरचा दरवान आडवा, "पास कहाँ है?" आता हा कोनता पास? म्हने, सुट्टीची चिठ्ठी. बरं बाप्पा, चिठ्ठी! ग्रामपंचायतीत गेलो तं सरपंच म्हनते, "रामाजी, तुमच्या वस्तीचा रस्ता पास झाला." मी पळत घरी, तानाबाईले, म्हनजे आमच्या मंडळीले, सांगतलं. ते बिचारी नवं लुगडं नेसून रस्ता पाहाले गेली... गुडघाभर चिखल! मी पुन्हा सरपंचाकडे. "अरे रामाजी, रस्ता पास झाला, बनला थोडीच!" आता हा कोनता पास, तुमीच सांगा!

अन् त्यात तो अठ्ठावनचा उन्हाळा. हेडमास्तर प्रभाकरराव घामाघूम, सायकल भितीले लावून गिरनीच्या गेटवर बोंबलून राह्यले, "रामाजी, पास! पास!" मी म्हनलं, "हाय ना गुरुजी, खिशातच हाय, दरवानाले दावला आत्ताच." "अरे लेका, पोरगी! सुलोचना! मॅट्रिक पास!"

मी तं तथीच खाली बसलो. आमच्या वस्तीतली पयली मॅट्रिक, अन् ते बी पोट्टी! जिच्या आज्याले शाळेच्या ओट्यावर पाय ठेवू देत नोते, ते पोट्टी! रडलो, हो, रडलो भर गेटवर, अन् दरवान बी पास मांगाचा इसरला. लाज कायची? तुमची पोट्टी पास होईल तवा तुमी बी रडजा.

घरी येऊन म्हनलं, "बेटा, या पासचा एकदाचा अर्थ सांग मले." तं तिनं जाडं पुस्तक उघडलं, "बाबा, अर्धं पान भरलं याच्या अर्थानं. पुढं जानं, हातोहात देनं, डोंगरातली वाट, अन् मरनं बी." मरनं बी? अन् हे त्यायनं तुह्या निकालात लिहून पाठवलं? हासली पोट्टी, म्हने, "बाबा, माह्यासाठी ते डोंगरातली वाटवालंच धरा. मले वर्ध्याले जायाचं, मास्तरनीच्या ट्रेनिंगले." मी म्हनलं, जाय बेटा. म्हनलं खरं... पन आमच्या मानसाले वाट दिसली का तिच्यावर कोनी ना कोनी बैलबंडी आडवी लावतेच.

ते बंडी लावली कवडूनं. कवडू म्हनजे माहा साळा, सोयरीक जुळवन्यात पक्का. म्हने, "जावईबापू, वर्ध्याचे लक्ष्मणराव, रेल्वेत हायेत, पोट्टा प्रेमदास बी रेल्वेत चिकटला. अन् रेल्वेचा पास हाय त्याइच्याकडे!" आता हा कोनता पास? "अहो, फुकट फिरा! इकडे मुंबई, तिकडे हावडा!" तुमाले सांगतो, मी भुललो. हावडा कोनी पाह्यला? मी हो म्हनून बसलो. तानाबाई चुलीपासून बोलली, "अवो, पोट्टीले वाटेनं जाऊ द्या ना, तुमाले गाडीत बसाची काय घाई?" पन मी ऐकलं नाई. सुलोचनानं पुस्तक मिटलं अन् पानी भराले गेली.

आले पाव्हने. सतरंजी टाकली, भजे तळले, चाहा झाला. लक्ष्मणरावनं बसल्याबरोबर खिशातून पास काढला, मांडीवर ठेवला, जसा काई तो बी पाव्हनाच! मी इच्यारलं, "मंग हावड्याले गेलते का?" "नाई, पन पास हाय." "मुंबईले?" "टाइम कुठं हाय? पन पास हाय ना!" अन् मंग मुद्द्यावर आले, "हे पाहा रामाजी, आमच्या घरी सुनेले नोकरीची गरज नाई. ट्रेनिंग-गिनिंग राहू द्या." दाराआडून सुलोचना मलेच पाहून राह्यली होती, अन् मी भज्याच्या प्लेटीत पाहून राह्यलो होतो.

आता पयले पोट्टी पाहाची तं कशी? चालून दाव, केस सोड, सुईत धागा ओव, जसं बाजारात ढोराचे दात मोजते तसं! पन आता आपून दीक्षा घेतली ना नागपूरले, जुनं सारं सोडलं. लक्ष्मणराव छाती काढून म्हने, "आमी तसं काई पाह्यत नाई. आमी सुधारलो. पोरीनं फक्त त्रिशरन-पंचशील म्हनून दावावं." वा! म्हनलं, मानूस बरा दिसते.

सुलोचना आली, बाबासाहेबाच्या अन् बुद्धाच्या फोटोपुढं हात जोडले, अन् जे म्हनलं... काय सांगू तुमाले! पाली भाषा, पन एक शबुद अटकला नाई. पाचही शीलं, झुळझुळ! तानाबाईनं डोळ्याले पदर लावला. लक्ष्मणरावनं मांडीवर थाप मारली, "पास! पोट्टी पास!" जसा काई आमच्या खात्यातला साहेबच.

मी उठून पेढेच आनाले निंगालो होतो. तवा सुलोचना, आवाज बी चढवला नाई तिनं, म्हने, "काकाजी, शील एकट्यानं घेत नाई. एकानं सांगाचं, साऱ्याइनं मागून म्हनाचं, असा रिवाज हाय. मी तं म्हनलं, आता तुमी सांगा, आमी मागून म्हनतो."

खोटं नोतं काई! रिवाजच हाय तो. झाले ना साऱ्याइचे हात जोडून! लक्ष्मणराव पुढं, आमी मागं. पयलं निंगालं. दुसरं निंगालं, उलसं लंगडत. तिसऱ्याले कवडूनं खोकला काढला. चवथं मी निस्ते ओठ हालवून काढलं. अन् पाचवं... तुमाले ठाऊकच हाय ते पाचवं, दारूवालं! भल्ला लांब शबुद, मालगाडीवानी, डबेच सरत नाई. "सुरा..." लक्ष्मणराव थांबले. "सुरामे..." पुन्हा थांबले. घाम पुसला. कवडू मागून हूं हूं हूं हूं करून राह्यला, म्हनजे चाल येते, बोल येत नाई. मी वर छताकडे पाह्यलं, तं छताले बी येत नोतं! चुलीपासून तानाबाईचा हासाचा आवाज.

अन् तो प्रेमदास, तोवर मान खाली घालून बसलेला पोट्टा, एकदम म्हने, "बाबूजी, राहू द्या. मले बी चारच येतात. पाचव्यात मी दर खेपेले पडतो." अन् सुलोचनाकडे पाहून, "शिकवसान का?"

सुलोचना म्हने, "शिकवीन. पन शिकवाचं कसं हे आधी मले शिकू द्या. ट्रेनिंगले जाऊ द्या."

लक्ष्मणराव तापले. "म्हनजे आमी काय समजाचं? रामाजी, तुमी सांगा, सोयरीक पास का नापास?"

साऱ्याइचे डोळे माह्यावर. अन् मले काय झालं कोन जाने, तो गेट आठवला, तो ओटा आठवला. म्हनलं, "लक्ष्मणराव, माही पोट्टी सरकारी परीक्षेत बी पास, तुमच्या परीक्षेत बी पास. तिचं ट्रेनिंग होऊन जाऊ द्या. आता पोराचं पाहू, अन् बापाचं बी." 

लक्ष्मणरावनं मांडीवरचा पास उचलला... म्हनलं, गेला हावडा! तं मानूस हासाले लागला. "लेका रामाजी, पास खिशात असून काय कराचं, पाठ तं काईच नाई!" अन् उरलेले भजे संपवूनच उठले.

मंग काय! पोट्टी ट्रेनिंगले गेली. अन् दर रविवारी घरी आली का निंबाखाली वर्ग, साऱ्या वस्तीचा, म्हातारे-कोतारे गोनपाटावर. प्रेमदास वर्ध्याहून गाडीनं येते. लक्ष्मणराव बी येते, पास घेऊन! हावड्यापावेतोचा पास, अन् गडी उतरते पुलगावले! प्रेमदास दिवाळीच्या आतच पास झाला. कवडू पास झाला. लक्ष्मणराव बी झाले मागच्या महिन्यात. अन् परवा सुलोचनाचं ट्रेनिंग पास झालं, रोहन्याच्या शाळेत मास्तरीन म्हून लागली. आता लगन बी होईल, दोघाइच्या मर्जीनं. त्याचाच हा पेढा. घ्या, आनखी एक घ्या, रामाजीची पोट्टी मास्तरीन झाली, म्हनजे काय थट्टा हाय?

राह्यलो मी. दीक्षा घेतल्यापासून थेंबाले शिवलो नाई, तानाबाईले इच्यारा, पाचवं शील म्या येवढं पक्कं पाळलं! पन पाळता येते, म्हनता येत नाई. तिकडे लक्ष्मणराव फडाफडा म्हनते... पाळते का नाई, ते म्या इच्यारलं नाई, सोयरा हाय. मी सुलोचनाले म्हनलं, "बेटा, बाप हाय तुहा, कर ना पास." तं म्हनते कशी, "बाबा, वर्गात बाप-बिप कोनी नाई. पुढच्या रविवारी या."

चला, निंगतो. आज रविवारच हाय, अन् मास्तरीन उशीर झाला का उभं करते.