ई न लागणारे शब्द

—म्हणून म्हणतो किशनराव, कार्डाची मराठी बाजू आजच जुळवतो, इंग्रजीचंच तेवढं अडलंय. मराठी खिळ्यांना, म्हणजे छपाईच्या अक्षरांना, तोटा नाही — नामांतराची पत्रकं दोन्हीकडची छापली, एक ओळ अडली नाही. पण इंग्रजीत ई पावलोपावली लागतो, अन् आमच्या खणात तो असा — वाकून बघा — तळ दिसायलाय. तुमच्या कागदावर 'रिसेप्शन' आहे, त्यातच दोन ई गेले. 'वेलकम'ला आणखी दोन. मग? मग ई न लागणारे शब्द हुडकायचे! रिसेप्शनऐवजी 'फंक्शन' घालू. 'काइंडली' चालतंय, 'कॉर्डियली' चालतंय. हसू नका — जावई बँकेतला असला म्हणून काय कार्डावरची अक्षरं तपासत बसणार आहे?

ही युक्ती भुजंगची. माझा धाकटा भाऊ, इथला जुळारी. मी नवे खिळे आणत नव्हतो — सेलूत इंग्रजी कार्ड मागतंय कोण, म्हणायचो — अन् तो डिक्शनरी मांडीवर घेऊन बसायचा. खणात उरलेल्या खिळ्यांत कोणता शब्द बसतो ते बघायचा. बसला की ट्रेडल मशीनच्या आवाजावर ओरडायचा, "अण्णा, घावला! आता ठेवा तुमचे पैसे उशाला!" लय आनंद व्हायचा त्याला.

काय? तो कागदानं झाकलेला? तो फर्मा आहे — जुळवून बांधलेला. हो, सगळे ई त्यातच आहेत. नाही, सोडायचा नाही. अहो, त्यातल्या कार्डाचं गिऱ्हाईक दुसरीकडून छापून घेऊन गेलं, लग्नही लागलं — तरी नाही.

सांगतो, बसा. निरोप आला तो दिवस म्हणजे काही विशेष नव्हता. कापसाच्या गाड्या रस्ताभर लागलेल्या, मी जिनिंगच्या पावत्या काढत होतो. शेजारच्या दुकानात परभणीहून फोन आला — भुजंगचं अपेंडिक्स आतच फुटलं होतं, ऑपरेशन केलं, पण गेला. मी काय केलं? हातातली पावती वाळत घातली. आधी पावती. मग निघालो.

तर आदल्या दिवशी इथंच बसला होता, गुडघा पोटाशी घेऊन. कधीपासून दुखत होतं? — दोन दिवस झाले होते. मला ठाऊक होतं — म्हणजे, बोलला होता. "अण्णा, लय दुखायलंय, दुपारच्या गाडीनं परभणीला दाखवाया जातो." मी म्हणालो, "लोकांच्या लग्नाचं कार्ड दिसलं की तुझंच पोट कसं दुखतं रे?" तो हसला. खरंच हसला. म्हणालो, एवढं जुळव अन् जा. ई पुरेनात, तर घाम पुसत पुसत शब्द बदलत बसला. बसवलं सगळं. दोरी आवळली, तोच हा फर्मा. संध्याकाळच्या गाडीला एकटाच गेला. "तुमी येता का संगं?" विचारलं होतं त्यानं. मी म्हणालो, मशीन चालू आहे.

परवा कस्तुराबाई आली — त्याची बायको. म्हणाली, "अण्णा, सोडा ते खिळे. कामापायी आपल्या मनानं थांबले व्हते ते. काम अडलेलं त्यायला आवडायचं न्हाई." आपल्या मनानं — हे तिला कोणी सांगितलं? मीच. हॉस्पिटलच्या व्हरांड्यात, तिनं विचारायच्या आत. आता ती सोडा म्हणते, अन् माझा हात दोरीपाशी जातो अन् थांबतो. आधी तिला खरं सांगायचं, मग सोडायचे, असं रोज सकाळी कुलूप काढताना ठरवतो.

तुम्ही असं करा, हा कागद घ्या. परभणीला द्या छापायला, तिथं ई मिळतील. नाही, मराठीबी तिथंच द्या. उठा, गाडीची वेळ झाली तुमची.

तिला अजून सांगितलेलं नाही.