कनफट बँडचा घाबरट गायक

...आणि वरून म्हणतात, घाबरू नको! घाबरू नको म्हणायला काय जातं हो? आमच्या आल्हादला विचारा! शेजारचाच आहे, बापूसाहेबांचा मुलगा, संरक्षण कारखान्यात बाबू, वय बत्तीस, आणि तुम्हाला सांगतो, अख्ख्या जबलपुरात याच्याएवढा भित्रा माणूस सापडायचा नाही. कुकरची शिट्टी झाली की दचकतो, साहेब नुसतं "अच्छा" म्हणाला की याच्या तळहाताला घाम, बापूसाहेब खाकरले की हा उठून उभा! आणि हा माणूस सात वर्षं करत काय होता? तर बँडमध्ये ओरडत होता!

ओरडतच होता, गात नव्हता. हार्डकोर पंक म्हणतात त्याला. मला तरी कुठं ठाऊक होतं? गाणं चाळीस सेकंदांत खलास, सूर नाही, ताना नाही, नुसता संताप! बँडचं नाव 'कनफट', म्हणजे कान फाडणारा, माणसं तीन. ड्रमवर प्रणोती, शाळेत गणित शिकवते आणि कोणाच्या बापाला भीत नाही. गिटारवर विष्णू, पाण्याच्या मोटारी दुरुस्त करतो, बरगीकडचा, आजोबांचं गाव धरणाच्या पाण्यात गेलेलं. आणि ओरडायला हा आल्हाद. अंडरग्राउंड बँड म्हणतात ना, तो खरंच जमिनीखाली! दीक्षितपुऱ्यात विष्णूच्या मामाचं गाद्यांचं दुकान, त्याचं तळघर, चारही बाजूंनी गाद्या रचलेल्या, दर रविवारी दुपारी धिंगाणा, पण बाहेर हूं की चूं नाही. म्हणून तर आल्हाद तयार झाला! सात वर्षांत कार्यक्रम चार, जास्तीत जास्त गर्दी एकोणीस, त्यातले दोघं गादी घ्यायला आलेले...

घरी काय सांगायचा? "बाबा, बढतीच्या परीक्षेचा क्लास आहे." सात वर्षं! बापूसाहेब गल्लीभर सांगत फिरायचे, "आमचा आल्हाद अभ्यास करून राहिला."

मग आला तो मार्चातला शनिवार. बरगीला पाण्याकाठी पर्यटकांसाठी बाग केली, तिच्या उद्घाटनाला कोणी मोठे साहेब येणार. आणि तिथून हाकेच्या अंतरावर विष्णूचं नवं गाव, दारासमोर समुद्राएवढं पाणी आणि नळाला थेंब नाही! अर्ज देऊन देऊन लोक थकले. विष्णूने काय करावं? स्थानिक कलाकार म्हणून 'कनफट'चं नाव दिलं, गाण्याचा प्रकार लिहिला 'देशभक्ती'.

आल्हादने ऐकलं आणि गादीवरच बसला. "माझी सरकारी नोकरी आहे रे..." प्रणोती म्हणाली, "सुट्टीचा दिवस आहे, घाबरू नको." घाबरू नको म्हणायला काय जातं? तिला कुठं कोणी नोटीस देणार होतं! पण विष्णू एवढंच बोलला, "माझी आई रोज दोन किलोमीटरवरून पाणी आणते, भैया." झालं. आल्हादला नाही म्हणायचीही भीती वाटली!

उद्घाटनाला खुर्च्या रिकाम्या दिसू नयेत म्हणून आयोजकांनी काय केलं? आमचा ज्येष्ठ नागरिक संघ बसमध्ये भरून नेला! मी होतो, बापूसाहेब होते, तिसरी रांग. पडदा सरकला, आल्हादने समोर पाहिलं, बापाची नजर आणि याची नजर एक झाली... तुम्हाला सांगतो, मेलेल्या माणसाचा चेहरा बरा! माईक दातांवर आपटून राहिला. बापूसाहेब माझ्या कानात, "हा आपला आल्हाद आहे का हो?" मी म्हटलं, "असं वाटतं खरं..." तोवर प्रणोतीने काठ्या आपटून चार मोजले.

आणि तो ओरडला! "पानी दिखता है! पानी मिलता नहीं!" अहो, संताप कसला, शुद्ध भीती होती ती, बत्तीस वर्षांची भीती एकदम घशातून! मागे कावळे उडाले. साहेबांच्या हातातला बुके खाली. चाळीस सेकंद, आणि गाणं खलास! मागे जमिनीवर विष्णूचं गाव बसलेलं, तेवढ्यात त्यातून त्याची आई उभी राहिली. "फिर से गा, बेटा!" सगळं गाव उठलं, "फिर से! फिर से!"

साहेबांचा माणूस धावत आला. "ये कौन सी देशभक्ति है जी?" विष्णू म्हणाला, "सर, पानी भी तो देश का ही है." मोबाईल सगळीकडून रोखलेले, साहेबांना हसावंच लागलं. आणि आल्हाद? पळायचा रस्ता विष्णूच्या गावाने अडवलेला, म्हणून तो पुन्हा ओरडला!

परतीच्या बसमध्ये बापूसाहेबांनी त्याला शेजारी बसवलं. नर्मदेवरचा तिलवाराचा पूल आला. मग हळूच, "म्हणजे परीक्षेला तू..."

"नाही, बाबा."

"एकदाही?"

"नाही."

बापूसाहेब खिडकीबाहेर बघत राहिले. आल्हाद म्हणतो, ते ओरडले असते तर बरं झालं असतं.

आठवड्यात कारखान्याची नोटीस आली, खुलासा द्या. आल्हाद तीन दिवस जेवला नाही. मी म्हटलं, घाबरू नको. हो, मीसुद्धा! म्हणायला काय जातं? शेवटी बापूसाहेबांनीच कागद ओढला, चष्मा चढवला आणि स्वतःच्या सहीने लिहून दिलं, 'मी तिसऱ्या रांगेत हजर होतो. सदर गायनातील एकही शब्द कोणाला समजण्यासारखा नव्हता. सबब त्यात आक्षेपार्ह काही असणे शक्य नाही.' खाली साक्षीदार म्हणून मी! कारखान्याच्या साहेबांनी ताकीद देऊन फाईल बंद केली, आणि दोन महिन्यांनी विष्णूच्या गावात नळ आला. सकाळी एक तास, पण आला.

संपलं असं वाटलं ना? कुठचं हो! आता गल्लीत कोणाची गटार तुंबली, कोणाची पेन्शन अडकली की लोक थेट आल्हादच्या दारात. काल सुहासिनीकाकू येऊन गेल्या, "विजेच्या ऑफिसात तू नुसता सोबत चल बेटा, ओरडू नको, फक्त उभा राहा." सकाळपासून याने दोनदा घामाने शर्ट बदलला... आणि आता तिसरा घालून निघालाय. नाही म्हणायची भीती वाटते ना त्याला!