नाव झाकून घेतलेलं माप

झांजा जरा खाली ठेवा मंडळी, आणि ऐका. आज एकच प्रश्न घेऊन उभी आहे मी — आपल्या माणसाचं माप आणि परक्याचं माप, एकाच हातानं घेता येतं का?

येतं म्हणता? त्या खांबाजवळच्या काकूंनी तर जोरात मान हलवली. बघू हं!

साल एकोणीसशे एकोणऐंशी. कृष्णाकाठी एक दातांचं कॉलेज होतं. तिथे कमलिनी ढवळीकर वाकडे दात सरळ करायची विद्या शिकत होती. परीक्षा झाल्या, प्रबंध तेवढा राहिला. तो पास झाला तर पदवी! गुरू राजोपाध्ये सर. कमलिनीचे खालचे दात चौदाव्या वर्षी त्यांनीच तारा बांधून ओळीत आणले होते. तेव्हापासून ती तोंडावर हात न धरता हसायला लागली. असा गुरू कोण विसरेल?

प्रबंध कशावर? पेशंटांच्या तारा निघून दहा वर्षं झाली. आता खालचे पुढचे दात किती वाकडे? ते मोजायचं कसं? अहो, पंगत आठवा! सहा जण खांद्याला खांदा लावून बसलेत. खांदे जुळायच्या जागा किती? पाच. एक पुढे सरकला, एक मागे रेलला, की जुळलेले खांदे सुटले. पाचही ठिकाणी किती सुटले ते मिलिमीटरमध्ये मोजायचं आणि बेरीज करायची. शून्य आलं, तर पंगत सरळ. बेरीज वाढली — म्हणजे कुणीतरी वाढप्याकडे सरकतंय!

दातांची प्लास्टरची तीस मॉडेलं होती. पंधरा सरांच्या पेशंटांची, पंधरा शेजारगावच्या डॉक्टरांच्या. बुडाला पेन्सिलीनं दोघांचीही नावं — पेशंटचं आणि डॉक्टरचं. कमलिनीनं कॅलिपर, म्हणजे फट मोजायचा दोन टोकांचा चिमटा, लावला. सरांची सरासरी आली अडीच, शेजारच्यांची साडेचार. सर खूश! परिषदेत वाचायचं ठरवूनही टाकलं.

पण रीत अशी, की पंधरा दिवसांनी सगळं पुन्हा मोजायचं. त्या दिवशी शिरगुप्पेमामा आले. वीस वर्षं प्लास्टर ओतणारा माणूस. अंगरखा पांढरा, मिशाही पांढऱ्या, त्यात वय किती नि प्लास्टर किती देव जाणे. म्हणाले, "बाई, रागावू नका. सरांच्या मॉडेलला कॅलिपर टेकला न टेकला तोच उचलता. दुसऱ्यांच्या फटीत मात्र पार आत घालून बघता."

तिनं रागावून सांगितलं, तसं काही नाही. मामांनी वाद घातला नाही. तिसांच्या बुडाला चिकटपट्टी लावली, वर नुसते आकडे घातले आणि मॉडेलं मिसळून टाकली.

दोन दिवस मोजून तिनं पट्ट्या सोलल्या. सरांची सव्वाचार, शेजारच्यांची सव्वाचार. मंडळी, आता कुठला आकडा लिहायचा?

तिनं पट्टी लावून आलेलाच लिहिला. सरांनी कागद बाजूला सारला. सही करणार नाही म्हणाले. तुझा हात चुकला असेल.

"हात पहिल्यांदा चुकला, सर," कमलिनी म्हणाली. "यातलं एक मॉडेल माझं आहे. आरशात रोज दिसतं मला, मधला दात पुन्हा पुढे आलाय. तरी नाव वाचून मी दोन लिहिलं. तुम्हीच मोजा."

सरांनी चष्मा पुसला. तिचं मॉडेल हातात घेतलं, पाचही सांधे मोजले. मग पुन्हा एकदा मोजले.

"चार पूर्णांक तीन दशांश," म्हणाले. "आण ते कागद."

पदवी मिळाली. सरांनी परिषदेत सव्वाचारचाच आकडा वाचला, आणि निवृत्त होईपर्यंत त्यांच्या खात्यात पट्टी लावल्याशिवाय मॉडेल मोजू दिलं नाही. मामा नोकरी संपवून शिरोळला गेले. नातवंडांच्या चित्रांना नंबर देतानाही नावं झाकायचे म्हणे. कमलिनीनं दवाखाना थाटला. तिचा तो दात अजून पुढेच आहे, आणि हसताना ती तोंडावर हात धरत नाही.

आणि काकू, तुम्ही? लेक आठ वाजता उठली तर दमली असेल बिचारी. सून उठली तर? आता का मान हलत नाही? घरी जा, एक चिकटपट्टी घ्या, मनातल्या नावावर लावा — आणि मग काढा माप. मीही लावते. चला, उचला झांजा!