सवतीच्या चुलीजवळच्या रानकोंबड्या

सवत एक वेळ परवडली बायांनो, पण तिच्या चुलीशी रानकोंबड्या नकोत! ठाकुर्लीला आम्हा दोघी सवतींच्या चुली वेगळ्या. ह्यांनी मलंगच्या रानातून दोन रानकोंबड्या आणल्या आणि पौषाच्या थंडीत मरतील म्हणून डालग्याखाली झाकून धाकटीच्या चुलीजवळ ठेवल्या. झालं! रोज संध्याकाळी कोंबड्या बघायच्या म्हणून स्वारी तिकडेच.

एकदा ती पाण्याला गेली तशी मी कोंबड्या डालग्यासकट माझ्या चुलीशी आणल्या, वर माझीच गोधडी घातली. संध्याकाळी हे आले, टेकले. मी हरखले.

म्हणाले, "अगं, तुझ्याकडे ऊब छान आहे. धाकटी गारठली असेल, तिलाही इकडेच बोलावतो."

म्हटलं, "बोलवा की! डालग्याखाली अजून एकीची जागा आहे."