विराज उठेपर्यंत ड्रम थांबवायचे नाहीत

मंडळी, आज कीर्तनाला एकच प्रश्न घेऊन उभा आहे. समोरचा माणूस सोंग करतोय की मरतोय, हे ओळखायचं कुणी? सोंग करणाऱ्यानं, की बघणाऱ्यानं? थांबा, मान हलवू नका. आधी ऐका.

इचलकरंजीत पोरांचा एक रॉक बँड होता. आमच्या पेटीवाल्या काकांनी कपाळाला आठ्या घातल्या! काका, तुम्हीही रंगात आलात की मान उडवताच. त्यांची केस उडवण्याची पद्धत आहे, तुमचे उरले नाहीत, एवढाच फरक.

तर विराज कोळेकर गायचा, गिटार वाजवायचा. ड्रमवर त्याचा मित्र नोएल घाटगे. विराजचा गळा बरा होता, पण लोक यायचे ते त्याचं पडणं बघायला. शेवटच्या गाण्यात तो किंचाळायचा, थरथरायचा – आणि कोसळायचा. निपचित. ड्रम वाजतच राहायचे. मग एक हात वर यायचा, विराज उठायचा, आणि मंडप डोक्यावर!

एकदा नोएल खरंच घाबरला. ड्रम सोडून धावला. लोक हसले. स्टेजच्या मागं गेल्यावर विराज म्हणाला, "लेका, तू ड्रमर आहेस की नर्स? मी उठेपर्यंत थांबायचं नाही. हात लावायचा नाही."

"आणि खरंच काही झालं तर?"

"झालं तर मी सांगेन की तुला."

काय बोलला, बघा. मेलेला माणूस सांगणार होता!

पुढं सांगलीत एका कॉलेजचं गॅदरिंग. सकाळी तयारी चालली होती. गिटारच्या अँपमधून, त्या आवाज वाढवणाऱ्या खोक्यातून, सारखा गूं गूं आवाज. विराजनं पक्कड घेतली आणि प्लगची तिसरी पिन मोडून टाकली. गूं बंद.

नोएल म्हणाला, "अरे, ते अर्थिंग आहे."

"तुझा डिप्लोमा घरी ठेव. आवाज स्वच्छ आला का नाही?"

मंडळी, मी विज्ञान शिकलेला माणूस, म्हणून सांगतो. अँपमध्ये बिघाड झाला तर वीज त्या पिनेतून जमिनीत जाते. पिन नाही, तर ती गिटारच्या तारांत येऊन बसते. वाट बघते. दुसऱ्या हातात जमिनीशी जोडलेला माइक आला, की तिला वाट मिळते – माणसातून, छातीतून. स्नायू आखडतात. मूठ सोडायची म्हटली तरी सुटत नाही.

शेवटचं गाणं आलं. विराजनं तारा धरल्या, दुसऱ्या हातानं माइक ओढला. थरथरला. कोसळला.

पोरं वेडी झाली. "विराज, विराज!" इतकी दाद त्याला कधी मिळाली नव्हती.

नोएलला दिसलं. रोज पडताना विराजचे हात मोकळे असायचे. आज दोन्ही मुठी आवळलेल्या. स्विचबोर्ड नोएलच्या पाठीशीच होता, हात लांबवला की पोचेल असा. पण त्याच्या मनात काय आलं? सोंग असेल तर? पुन्हा हसले तर? तो वाजवत राहिला.

शेवटी ड्रम थांबवून त्यानं बटण बंद केलं, तेव्हा मुठी सैल झाल्या. हात मात्र वर आला नाही. डॉक्टरांनी छाती दाबून पाहिली, इंजेक्शनं दिली. विराज गेला.

विराजची आई दवाखान्याच्या बाकावर बसली होती. तिनं विचारलं, "तो पडला तेव्हा तू कुठं होतास रे, नोएल?"

"तिथंच होतो, मावशी."

"काय करत होतास?"

"वाजवत होतो."

तिनं सरकून त्याला बसायला जागा दिली. ती जागा नोएलला अजून सोसत नाही.

आता तुम्ही म्हणाल, चूक पिन मोडणाऱ्याची. आहेच. पण टाळ्या कुणाच्या होत्या?

मागच्या एकादशीला याच देवळात एक बाई नाचता नाचता पडल्या. आपण काय केलं? हात जोडले. भाव दाटला म्हणालो. मी अभंग दुसऱ्या चालीवर घेतला, तुम्ही टाळ वाढवला. त्या बाई उठल्या, म्हणून आज मी मोकळेपणानं बोलतोय. पण उठेपर्यंत त्यांच्या नाकाशी बोट कुणी धरलं होतं? तुमच्यातल्या एकानं तरी? मी तरी?

टाळ खाली ठेवा, मंडळी. आज भजन नंतर. आधी शेजारच्या माणसाकडं नीट बघा.